वजन कमी करायचं ऑपरेशन : डॉक्टरांच्या फाईलमधलं यश आणि आपलं यश

कृष्णाकाठची
सोमवार, सकाळी १०:४२

हा धागा काढू की नको यात सहा महिने गेले. मागच्या मंगळवारी मिरजेला फॉलोअपला जाऊन आले आणि परतीच्या रिक्षात ठरवलं, आता लिहायचंच.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. वय ४४, उंची १५७ सेंटीमीटर. तीन वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात, ते ऑपरेशन. तेव्हा वजन ११८ किलो होतं. शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक. दीड वर्षात ७९ वर आले. आज ८८ आहे.

मंगळवारी डॉक्टरांनी वजन बघितलं, कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले आणि खुशीत म्हणाले, "त्रेपन्न टक्के एक्सेस वेट लॉस टिकून आहे. पन्नासच्या वर म्हणजे सक्सेसफुल. शुगरची गोळी बंद, बीपी नॉर्मल. उत्तम!" सहा महिन्यांनी या म्हणाले. आठ मिनिटांत मी बाहेर. माणूस चांगला आहे, हाताला गुण आहे, माझं ऑपरेशन त्यांनी निर्विघ्न केलं, हे आधीच सांगते. पण बाहेरच्या बाकड्यावर बसले आणि रडू आवरेना. कारण 'माझं ऑपरेशन फेल गेलं' हे वाक्य मी घरून घोकून गेले होते, आणि ते बोलायला जागाच उरली नाही.

आत जे राहून गेलं ते इथे लिहिते.

मे महिन्यात चुलत नणंदेच्या मुलाची मुंज होती, हरिपूरला. पंगतीत बसले. मसालेभात समोर आला. एरवी मी एक घास वीस-पंचवीस वेळा चावते, मध्ये थांबते. पण शेजारी दोन मोठ्या सासवा, वाढपी डोक्यावर उभा, "घ्या की वहिनी, लाजताय काय!" मी दोन घास भराभर गिळले. तिसऱ्याला छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं आणि तोंडाला पाणी सुटलं. ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांना कळेल. उलटी नव्हे, नुसता फेसाळ चिकट लाळेचा लोट. कार्यालयामागच्या नळापाशी मी पाऊण तास वाकून उभी होते. धाकटी जाऊ पाठीवरून हात फिरवत होती. आतून कुणाचा तरी आवाज आला, "एवढे पैसे घालून दुखणं विकत घेतलं बघा." मी तेव्हापासून पंगतीत बसलेली नाही. तीन लग्नं झाली, तिन्हीकडे आहेर देऊन परत.

रात्री छातीत जळजळ. तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपते. दुपारी चार वाजले की अंगातला जीव कुणी काढून घेतल्यासारखा थकवा. पोटाची कातडी लोंबते, उन्हाळ्यात तिच्या घडीखाली चट्टे उठतात. दंडाची कातडी झोळीसारखी, म्हणून ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत शिवते. आणि ७९ चे ८८ झाले तेव्हापासून कॉलनीतल्या बायका भेटल्या की पहिली नजर पोटावर. "परत भरायलीस की गं."

पण दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ऑपरेशनआधी माझ्या हातात दोन-दहाच्या बांगड्या लागायच्या. कासाराकडे गेलं की तो मापाचा हात बघून आतल्या खोक्यातून काढायचा, दुकानात मांडलेल्या कधीच व्हायच्या नाहीत. या संक्रांतीला त्याने हात दाबून बघितला आणि म्हणाला, "दोन-सहा." मांडलेल्यातल्याच हिरव्या काढून भरल्या. पायाची जोडवी सूज येते म्हणून अकरा वर्षं काढून ठेवलेली, ती आता घालते. पायाची नखं स्वतः कापते. सासूबाई गेल्या तेव्हा मी दहाही दिवस जमिनीवर बसू शकले. हे सगळं ८८ किलोवरही टिकून आहे.

यातलं काहीही माझ्या फाईलमध्ये नाही. ना फेस, ना जोडवी.

ऑपरेशन झालेल्यांना, घरच्यांना आणि कुणी डॉक्टर वाचत असतील तर त्यांना विचारते: यशस्वी झालं हे ठरवायचं कशावरून, आणि कुणी?

वाखारभाग
सोमवार, दुपारी १२:०५

ताई, नळापाशी उभं राहण्याचं वाचून पोटात कालवलं. माझ्या वहिनीचं अगदी हेच. आम्ही तिला "हळू खा ना" म्हणून वर रागवायचो. तिला आजच फोन करते.

चीर_आणि_टाके
सोमवार, रात्री १०:३०

मी सर्जन आहे, मिरजेत बेरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करायची, सर्जरीही करतो. तुमचे डॉक्टर मी नाही आणि फाईल न बघता उपचार सांगणार नाही. पण प्रश्न आम्हालाही विचारलाय, म्हणून आमची बाजू सविस्तर लिहितो.

आधी तो त्रेपन्नचा हिशेब. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २५ धरला तर वजन साधारण ६१.६ किलो येतं. ११८ मधून ते वजा केलं की जादाचं वजन ५६.४ किलो. त्यातलं ३० गेलं, म्हणून ५३ टक्के. पन्नास टक्के म्हणजे यश हा दंडक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालत आलाय. हल्ली एकूण वजनाचे किती टक्के गेले हेही बघतात, ते तुमचे २५ टक्के. आणि गंमत नाही, पण खरं आहे: आज तुमचा बीएमआय ३५.७ आहे. म्हणजे एका तक्त्यात तुम्ही 'यशस्वी' आणि दुसऱ्या तक्त्यात 'लठ्ठ'. दोन्ही कागद एकाच फाईलला लावलेले असतात. पेशंट गोंधळला तर दोष त्याचा नाही.

आम्ही वजनच का मोजतो? काट्यावर उभं केलं की आकडा मिळतो, सांगलीतला आकडा स्वीडनच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, आणि विमा कंपनीही तोच मागते. २०१९ मध्ये विमा नियामकाने या ऑपरेशनसाठी अटी ठरवून दिल्या त्याही बीएमआयच्याच: ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं काही. जोडव्यांसाठी रकाना कुठेच नाही.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. तुम्हाला ७९ चे ८८ झालेले दिसतात. मला तुम्हाला न आलेला झटका दिसतो. तुमची शुगर तशीच राहिली असती तर पुढच्या पंधरा वर्षांत किडनी, डोळे, पाय यांचं काय होतं ते मी वॉर्डात रोज बघतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा मागोवा घेतला, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांचं नाही. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. अमेरिकेतल्या दीडशे मधुमेही पेशंटच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६ किंवा त्याखाली आणणारे बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, ते ऑपरेशन) २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३, नुसत्या औषधांवर ५. जे घडलंच नाही ते पेशंटला जाणवत नाही, आणि आम्हाला तेच सगळ्यात मोठं वाटतं. दरी इथून सुरू होते.

वजन परत वाढण्याबद्दल. त्याच स्वीडिश अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरलं, दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावलं. त्यात स्लीव्ह नव्हती, पण चाल ओळखीची आहे. तुमचेही उतरलेले ३३ टक्क्यांचे २५ झाले. तुम्ही काही पाप केलेलं नाही. शरीर हरवलेलं वजन परत मागतं. हे ऑपरेशनआधी तुम्हाला कुणी कागदावर आलेख काढून दाखवलं होतं का?

आणि फेस, जळजळ, थकवा या तीन गोष्टी 'चालायचंच' म्हणून सोडू नका. स्लीव्हनंतर जळजळ बऱ्याच जणांना होते, पण तीन उशा लागतात म्हणजे एंडोस्कोपी करून बघायला हवं. नळी कुठे अरुंद झालीय का तेही कळेल. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम. या आठवड्यात करून घ्या.

कृष्णाकाठची
सोमवार, रात्री ११:१८

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. नाही, आलेख कुणी दाखवला नव्हता. भिंतीवर आधी-नंतरचे फोटो होते. सगळे वर्ष-दीड वर्षाचे. मला वाटलं शेवट तोच.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या पहिलं वर्ष घेतल्या. मग तब्येत छान वाटायला लागली, म्हणून सोडल्या. कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

चारभिंती
मंगळवार, सकाळी ६:५०

मी साताऱ्याचा, वय ५३. माझी गोष्ट ताईंच्या बरोबर उलटी आहे म्हणून लिहितो.

माझं वजन १४६ होतं, उंची १७०. झोपेत श्वास अडकायचा, सीपॅपचं मशीन लावून झोपायचो. बायको मशीनचा आवाज नको म्हणून नाही, तर मशीन बंद पडलं तर, या भीतीने जागी राहायची. ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. आज ११८ आहे. डॉक्टरांच्या हिशेबात माझे ३८ टक्केच उतरलेत. फाईलवर शेरा आहे, अपुरा प्रतिसाद. दोनदा सुचवून झालं की दुसरं ऑपरेशन करून बायपास करू या.

माझं म्हणणं, कशाला? झोपेची तपासणी परत करून घेतली, डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. (स्वतःच्या मनाने कुणी बंद करू नका, तपासणी करूनच.) ते माळ्यावर गेलं. बायको माझ्या शेजारी झोपते, गाढ. आणि ऑपरेशनआधी पोवई नाक्यावरून घरापर्यंत चालत यायचं तर मी दोनदा कुणाच्या तरी कट्ट्यावर टेकायचो. आता रोज सकाळी डोंगरावरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जातो. वर उभा राहिलो की सगळा सातारा खाली, एका अंगाला अजिंक्यतारा. पहिल्यांदा चढलो तेव्हा मी तिथे बसून बायकोला फोन केला आणि दोघंही काही न बोलता फोन धरून होतो.

याला अपुरा प्रतिसाद कसा म्हणायचा?

सोलाणे_घुगऱ्या
मंगळवार, सकाळी ११:२५

आहारतज्ज्ञ आहे, सांगली-मिरजेत पंधरा वर्षं. एका गोष्टीवर लिहिते, कारण ती आमच्या गावची आहे आणि पुस्तकात सापडत नाही.

स्लीव्हनंतर भाकरी अडकते, भडंग उतरतं. यात सगळं आलं. ज्वारीची भाकरी, मटकी, अंडं, चिकन हे नळीत थांबतं, दोन-चार घासांत पोट भरतं. म्हणून पेशंट नकळत जे सोपं जातं तिकडे वळतो. चुरमुरे तोंडात विरघळतात. भडंगाचा डबा शेजारी घेऊन टीव्ही बघत बसलं तर दोन तासांत पुडा संपतो आणि पोट भरल्याचं कळतही नाही. त्यावर तेल आणि शेंगदाणे. तीच गत बासुंदीची, उसाच्या रसाची, आईस्क्रीमची. साताऱ्याच्या मंडळींसाठी कंदी पेढे. पेशंट शपथेवर सांगतो, "मॅडम, जेवण चिमणीएवढं आहे," आणि ते खरंच असतं. डॉक्टरांना वाटतं खोटं बोलतोय. दोघांचाही विश्वास उडतो.

ताई, तुमचं दुपारी चारचं खाणं काय असतं ते लिहाल का? रागवायचं नाहीये मला.

दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. जेवताना आधी प्रथिनं: अंडं, पनीर, मऊ शिजलेली मूगडाळ, घट्ट पिठलं. मग भाजी. भाकरी शेवटी, आमटीत चांगली भिजवून. पाणी आणि ताक जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. आणि ज्यांना सतत उलट्या होतात त्यांनी दोन-चार दिवस वाट बघत बसू नये. बी-१ कमी पडलं तर मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो, आणि तो कायमचा राहू शकतो. थेट हॉस्पिटल गाठा.

कृष्णाकाठची
मंगळवार, दुपारी ४:१०

मॅडम, आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत आणि माझ्यासमोर भडंगाची वाटी आहे.

भाकरी खाऊन लोकांसमोर फेस येण्यापेक्षा हे बरं वाटतं, खरंच सांगते. भडंगाने कधी दगा दिला नाही.

रात्रपाळी
बुधवार, पहाटे ३:१५

सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे, चौदा वर्षं. डॉक्टरांना कळत नाही म्हणून दोष देण्याआधी हे वाचा.

सकाळी राउंड येतो. सर, मागे चार रेसिडेंट, मी फाईल घेऊन. सर विचारतात, "काय म्हणता, बरं वाटतंय?" पेशंट म्हणतो, "हो सर, एकदम बरं." सगळे पुढे जातात. मी ड्रेसिंगला परत येते तेव्हा तोच पेशंट माझा हात धरतो. सिस्टर, केस मुठीने गळायलेत. सिस्टर, मिस्टर म्हणतात आता तरी कातडी घट्ट होणार का. सिस्टर, मला जेवायची इच्छाच होत नाही, आणि पूर्वी तेवढंच एक सुख होतं.

हे शेवटचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काय बोलावं सुचलं नव्हतं. ती बाई नवरा गेल्यावर बारा वर्षं रात्री एकटी जेवायची. जेवण हीच सोबत होती तिची. आपण पोट लहान केलं, सोबत कुठून द्यायची?

डॉक्टरांनी आपला जीव वाचवला, त्यांच्यापुढे तक्रार कशी करायची, असं आपल्याकडच्या माणसांना वाटतं. उपकाराची जाण असते, म्हणून गप्प बसतात. त्यामुळे डॉक्टरांनी नुसतं "बरं आहे ना" विचारून भागत नाही. एकेक विचारावं लागतं. घास अडकतो का? कितीदा? चारचौघांत जेवता का? झोप कशी? रडू येतं का?

वाखारभाग
बुधवार, सकाळी ९:००

सिस्टर, दंडवत.

पोर्णिमेची_फुलं
बुधवार, दुपारी १:३५

सगळं वाचतेय. माझं वय २४, वजन ९१, उंची १६२. शुगर, बीपी, थायरॉईड सगळं नॉर्मल. घरचे दोन महिने मागे लागलेत, ऑपरेशन करू, मग स्थळं बघू. आई म्हणते दोन तासांचं काम आहे. बाबांनी पैशांची सोय पण केली. मला चालायला, गाडीवरून कामावर जायला काहीच त्रास नाही. भीती वाटते. कुणाशी बोलू कळत नाही म्हणून इथे.

चीर_आणि_टाके
बुधवार, दुपारी २:२०

ओपीडी थांबवून लिहितोय. तुमचा बीएमआय ३४.७ येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी मर्यादा खाली आणलीय, त्यामुळे तुम्हाला 'बसवणारा' सर्जन मिळेल. पण ऑपरेशन करता येतं आणि ऑपरेशन हवंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही तुमची लागते, आई-बाबांची नाही. काढलेलं जठर परत बसवता येत नाही. गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर. ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने मूल होऊ द्यायचं नसतं, हेही स्थळं बघणाऱ्यांना सांगावं लागेल. माझ्याकडे अशी मुलगी आली तर मी आई-वडिलांना बाहेर बसवतो आणि तिला एकटीला विचारतो, तुला काय हवंय? बहुतेक वेळा ती सगळ्यात आधी रडते.

आई-बाबांना या धाग्यावरचं सगळं वाचून दाखवा. हवं तर व्यनि (खासगी निरोप) करा.

सोलाणे_घुगऱ्या
बुधवार, दुपारी २:५८

बाळा, मलाही व्यनि कर. फी-बी काही नाही. आईला घेऊन ये.

तासगाव_बेदाणा
बुधवार, रात्री ९:४५

एक शंका. आता वजन उतरवायची ती आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं आलीत ना, मग कापाकापी कशाला?

चीर_आणि_टाके
बुधवार, रात्री १०:२०

चांगली औषधं आहेत. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं अभ्यासात दिसलं. काही पेशंटना मी स्वतः ऑपरेशनऐवजी तिकडे पाठवतो, काहींना ऑपरेशननंतर वजन वाढलं तर देतो. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही त्याच लोकांवर दिसलं. आणि धाग्याचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. इंजेक्शनवालाही काट्यावर बघून निराश होतो.

आता मूळ मुद्दा. सिस्टरांचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. आज राउंडला "बरं आहे ना" तोंडातून निघालं आणि तिथेच थबकलो.

ब्रिटनमध्ये बेरिएट्रिक सर्जरीच्या अभ्यासांत काय मोजायलाच हवं यावर डॉक्टर, इतर कर्मचारी आणि पेशंट या सगळ्यांची मतं घेऊन २०१६ मध्ये नऊ गोष्टी ठरवल्या. वजन, मधुमेह, हृदयाचा धोका, मृत्यू, ऑपरेशनमधली गुंतागुंत, परत ऑपरेशन लागलं का. इथवर आमची नेहमीची यादी. पण पुढे एकंदर जगण्याची प्रत, जीवनसत्त्वं-खनिजं, आणि घास अडकणं किंवा वर येणं. ताई, तुमचा हरिपूरचा नळ त्या नऊमध्ये आहे. जगात मोजतात. तुमच्या फाईलमध्ये नाही, आणि परवापर्यंत माझ्याही नव्हता. लोंबती कातडी मात्र त्या यादीतही नाही.

स्वीडनवाल्यांनी जगण्याची प्रतही दहा वर्षं मोजली. पहिल्या वर्षी सगळ्यात वर, मग सहाव्या वर्षापर्यंत उतरत गेली, मग थांबली. दहाव्या वर्षीही ऑपरेशनआधीपेक्षा वरच. आम्ही पेशंटला भेटतो ते मुख्यतः पहिल्या वर्षी. आनंदाचं शिखर आम्ही बघतो, उतार तो एकटा उतरतो. नंतर तो येईनासा होतो, आणि आम्ही धरून चालतो की बरा आहे.

चारभिंती साहेब, तुमच्या 'अपुऱ्या प्रतिसादा'वर मी तुमच्या बाजूने आहे. मशीन माळ्यावर गेलं, चढण चढता, मग दुसरं ऑपरेशन कशासाठी याचं उत्तर सुचवणाऱ्याने द्यायचं. शुगर आणि बीपी मात्र दरवर्षी बघत राहा.

चारभिंती
गुरुवार, सकाळी ६:४०

आभारी आहे डॉक्टर. वरूनच लिहितोय. आज धुकं आहे, किल्ला दिसत नाही.

कृष्णाकाठची
पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, पण रिपोर्ट हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

बी-१२ १४० आलं. फेरिटिन ६. दोन्ही फारच कमी. चारचा थकवा म्हणजे माझी हिंमत संपली असं मी दोन वर्षं समजत होते. इंजेक्शनं सुरू झाली. एंडोस्कोपी शुक्रवारी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जळजळीच्या जखमा आहेत, नळी मध्यावर थोडी पिळल्यासारखी अरुंद आहे. आधी गोळ्या, नाही भागलं तर फुग्याने रुंद करता येईल, त्याहूनही नाही तर बायपासचा विचार. म्हणजे घास अडकतो तो माझ्या हावरटपणाने नव्हे. तिथे खरंच वाट अरुंद आहे.

माझ्याच डॉक्टरांकडे गेले, दुसरीकडे नाही. एका कागदावर दोन्ही बाजू लिहून नेल्या. डावीकडे नळ, उशा, चट्टे, पंगत, भडंग. उजवीकडे बांगड्या, जोडवी, नखं, सासूबाईंचे दहा दिवस. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. नंतर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तीन वर्षांत हे मला का सांगितलं नाहीत?" मी म्हणाले, "तुम्ही खूश होता." त्यांनी तो कागद परत दिला नाही. फाईलमध्ये, वजनाच्या तक्त्याच्या वर लावला.

पोर्णिमा, आई आल्या होत्या का गं मॅडमकडे?

पोर्णिमेची_फुलं
पुढचा गुरुवार, रात्री १०:०५

आली होती. दीड तास बसलो. आईने घरी येऊन बाबांना सांगितलं, ते पैसे पोस्टात टाका.

सोलाणे_घुगऱ्या
पुढचा गुरुवार, रात्री १०:१२

ताई, फुग्याचं ठरेपर्यंत भाकरी नको. मुगाचं घट्ट कढण, अंड्याची भुर्जी मऊ, पनीर कुस्करून. चारला भडंगाऐवजी ताकात भिजवलेलं भाजक्या डाळीचं पीठ चालतंय का बघा, लसणीची फोडणी देऊन. आणि श्रावणात कुणाकडे जेवायला बोलावलं तर जा. मी माझ्या पेशंटना शिकवते, ताट घ्यायचं नाही, वाटी मागायची. "पथ्य आहे" एवढंच सांगायचं. आपल्याकडे पथ्य म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

कृष्णाकाठची
शनिवार, दुपारी ३:२०

पुढच्या रविवारी जावेकडे सत्यनारायण आहे. वाटी मागणार आहे. तिला फोन करून आधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मी तुझ्या शेजारी बसते, वाढप्याला मी बघते."